वाकड्या चोचीची कोंबडी घरी असेल तर

कोल्हापूरजवळच्या पाचगावात घरामागं आम्ही खुराडं घातलं, त्याला आता सात वर्षं होतील. पहिल्याच खेपेला आठवड्याच्या बाजारातून, पाटीत घेऊन बसलेल्या एका माणसाकडून गिरिराज जातीची सहा पिल्लं आणली. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकीची वरची चोच डावीकडं आणि खालची उजवीकडं पळायला लागली. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, ह्येचं त्वांड वाकडं कसं झालं? बोटानं दाबून सरळ कर की." मीही खुळ्यासारखी दोन दिवस दाबत बसले. चोच होती तशीच राहिली, पिल्लू मात्र माझा हात दिसला की कोपऱ्यात शिरायला लागलं.

तिचं नाव 'तिरकी' पडलं. ती पाच वर्षं जगली, अंडीही घातली, आणि तिची चोच शेवटपर्यंत वाकडीच होती. नव्यानं कोंबड्या पाळणारे बहुतेक जण माझ्यासारखेच चोचीच्या मागं लागतात. कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवरून गेलेली चोच सरळ होत नाही. बदलता येतं ते भांडं, खाद्य आणि आपली देखरेख. काय करायचं ते क्रमानं सांगते.

आधी खात्री करा की हे व्यंगच आहे

कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरली की तिला धरा, उजेडात समोरून बघा. दोन नाकपुड्यांच्या बरोबर मधून खाली एक रेघ आहे असं समजा. वरच्या आणि खालच्या चोचीचं टोक त्या रेघेवर आलं पाहिजे. वरचं टोक खालच्यापेक्षा जरासं पुढं येऊन झुकलेलं असतं, एखाद-दुसरा मिलीमीटर. ते तसंच असायचं असतं, त्याला कापायला जाऊ नका. कोंबडी त्याच टोकानं दाणा चिमटीत पकडते.

नुकत्याच फुटलेल्या पिल्लाच्या चोचीवर पांढरा टोकदार खडा दिसतो. तो अंड्याचं कवच फोडायचा दात, काही दिवसांत आपोआप गळतो. आमच्या शेजारच्या वैनींनी तो घाण म्हणून नखानं खरवडला होता. तुम्ही ते करू नका.

मोठ्या फार्मवरून काढलेल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्या स्वस्तात मिळतात. त्यांची वरची चोच आखूड आणि खालची फावड्यासारखी पुढं आलेली असते. हे जन्माचं व्यंग नव्हे. पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणी त्यांची चोच गरम पात्यानं कापलेली असते. त्यांना दाणा उचलायला त्रास होतोच, त्यामुळं खाली भांड्याबद्दल जे सांगणार आहे ते त्यांनाही लागू पडतं.

आणखी एक गफलत देवी रोगाची होते. चोचीच्या कडेला, तुऱ्यावर, डोळ्याभोवती काळपट खपल्या आल्या की माणसं म्हणतात चोच सडली. तो वेगळा आजार, डासांमुळंही पसरतो, आणि त्याला लस असते. तोंड सुजलंय, नाकातून चिकट पाणी येतंय, तुरा निळसर पडलाय किंवा एकापाठोपाठ एक कोंबड्या मरायला लागल्यात, तर हा लेख बाजूला ठेवा. मेलेल्या पक्ष्याला हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

का होतं, आणि त्यातलं तुमच्या हातात किती

चोच म्हणजे आत हाड आणि वर आपल्या नखासारख्या पदार्थाचं कवच. हे कवच जन्मभर वाढत राहतं आणि जमिनीवर टोचून झिजत राहतं. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला की चोच नीट राहते. आतलं हाडच वाकडं वाढलं तर वरचं कवचही वाकडं वाढतं, आणि दोन्ही टोकं एकमेकांना घासत नसल्यामुळं झीजही होत नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या पिल्लात जराशी वाटणारी तिरपी चोच ते तलंग, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताची कोंबडी, होईपर्यंत चांगलीच फाकते.

याची कारणं बऱ्याचदा अंड्यातच असतात. रक्तातून येणारा दोष असू शकतो, अंडी उबवताना तापमान चुकलेलं असू शकतं, आत पिल्लाचं डोकं अवघडलेलं असू शकतं. अंडी २१ दिवस उबवायची असतात, आणि पंखा असलेल्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळावं लागतं. घरी थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून उबवणाऱ्यांनी तापमानावर नीट लक्ष ठेवावं. आईला खाद्यातून मँगनीज, बायोटिन, फॉलिक अॅसिड कमी पडलं तरी पिल्लाची चोच पोपटासारखी वाकलेली येते.

अंड्यातून बाहेर आल्यावर होणाऱ्या दोन गोष्टी मात्र आपल्याच हातातल्या आहेत, आणि त्या आपल्या कोल्हापूरकडं हमखास घडतात.

एक म्हणजे मऊ चोच. बोटानं हलकं दाबल्यावर चोच रबरासारखी वाकली तर कॅल्शियम, फॉस्फरस किंवा ड जीवनसत्त्व कमी पडलंय. पायांच्या आणि तोंडाच्या उघड्या कातडीवर ऊन पडलं की कोंबडी ड जीवनसत्त्व स्वतः तयार करते. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, राधानगरी-गगनबावड्याकडं तर विचारूच नका. त्यात पिल्लं घरात, बल्बखाली. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा याला उपयोग नाही, काच ते किरण अडवते. म्हणून पावसाळ्यात काढलेल्या पिल्लांना नुसत्या कणीवर वाढवू नका. पहिले आठ आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्या, त्यात हे सगळं मोजून घातलेलं असतं. आणि उघडीप मिळाली की तासभर डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, अंगणात ठेवा. मऊ चोच वेळेत लक्षात आली तर खरोखर सुधारते. चोचीच्या सगळ्या तक्रारींत मनापासून आशा धरावी अशी ही एकच.

घाईघाईत लेअरचं खाद्य मात्र पिल्लांना घालू नका. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादाचं कॅल्शियम पिल्लाची मूत्रपिंडं खराब करतं.

दुसरी गोष्ट पिठाची. गिरणीतून गव्हाचं किंवा मक्याचं बारीक पीठ आणून पिल्लांना घालायची सवय घरोघरी आहे. ते लाळेत भिजून खालच्या चोचीच्या आत चिकटतं, वाळतं, तिथंच कुजतं, आणि वाढती चोच फावड्यासारखी पसरते. गिरणीवाल्याला "भरडा काढ, पीठ नको" असं सांगा. रव्यासारखं जाडसर आलं की झालं.

भांडं बदला

आता मुख्य काम. वाकड्या चोचीची कोंबडी दाणा चिमटीत धरू शकत नाही. ती खालच्या चोचीचा चमचा करते आणि खाद्य खरवडून आत ढकलते. जमिनीवर फेकलेले ज्वारीचे दाणे तिला दिसतात, ती टोचतेही, पण दहा वेळा टोचल्यावर एखादा तोंडात जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दिवसभर खातीय की बया. आणि ती उपाशी असते. तिरकीच्या बाबतीत मी याच भ्रमात महिनाभर राहिले. दाण्याच्या भांड्यावरून तिचं डोकं हलत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते.

तिला उथळ ताटली निरुपयोगी. खोल आणि जड भांडं घ्या. आम्ही जुनं अॅल्युमिनियमचं छोटं पातेलं घेतलं आणि चार विटांच्या मध्ये बसवलं, म्हणजे कलंडत नाही. आत खाद्याचा थर निदान दोन इंच पाहिजे, म्हणजे चोच बुडवून खरवडता येतं. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. मान खाली वाकवावी लागली नाही तर चोचीतलं खाद्य परत खाली सांडत नाही.

पाण्यालाही खोल वाडगं हवं. ती चोच नाकपुड्यांच्या खालपर्यंत बुडवून पाणी घेते, त्यामुळं बशीत तिचं भागत नाही, आणि थेंब-थेंब गळणारी निपलची नळी तर काहींना जमतच नाही. पिल्लांसाठी मात्र खोल भांड्यात गोटे टाका, बुडून मरतात.

खाद्य ओलसर करून द्या. किती ओलं, हे पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. पिठल्यासारखं केलं तर चोचीला लिंपून बसतं, नाकपुड्या बुजतात. उपम्यासारखं मोकळं, पण मुठीत दाबलं की गोळा व्हावा इतकं. लेअर मॅशवर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या भरड तयार खाद्यावर, कोमट पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवलं की बरोबर होतं. काही कोंबड्यांना गोळीखाद्य भिजवून फुगवलेलं जास्त जमतं, काहींना कोरड्या मॅशचा खोल ढीगच आवडतो. आठवडाभर एकेक प्रकार देऊन बघा, तुमची कोंबडीच दाखवेल.

मी त्यात काय घालते, हे सगळे विचारतात. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं किसून घालते. कच्चं नाही, कारण कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन अडवून धरतो, म्हणजे चोचीलाच लागणारी गोष्ट आपण काढून घेतो. शेवग्याचा किंवा मेथीचा पाला अगदी बारीक चिरून. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा लागतो. बाकीच्या कोंबड्या तो वेगळ्या वाटीतून हव्या तितक्या उचलतात, हिला तुकडे उचलता येत नाहीत. म्हणून तिच्यापुरता चुरा खलबत्त्यात कुटून ओल्या खाद्यात मिसळायचा, अंडी द्यायला लागल्यावरच. शिळा भात टाळा, चिकटतो.

मका आणि भरडा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात घ्या किंवा गावातल्या दुकानात, पण नाकाला लावून घ्या. पावसाळ्यात ओल लागलेल्या मक्याला कुबट वास येतो आणि बुरशीचं विष कोंबडीच्या तोंडात फोड आणू शकतं. सरळ चोचीची कोंबडी त्यातून कशीबशी खाईल, वाकड्या चोचीची लगेच मागं पडेल. ओलवलेलं खाद्य उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबतं. उरलेलं काढून भांडं घासून उपडं घालायचं.

आणि तिला वेगळं जेवू घाला. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात कंटाळवाणंही. ओलं खाद्य दिसलं की बाकीच्या तुटून पडतात आणि पाच मिनिटांत पातेलं चाटून मोकळ्या. हिला तेवढंच खायला अर्धा तास लागतो. सकाळी खुराडं उघडायच्या आधी आणि संध्याकाळी सगळ्या आत जायच्या आधी, दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास डालग्याखाली तिला तिच्या पातेल्यासकट ठेवा. पूर्ण वेळ वेगळी ठेवू नका, कळपातून तुटली की परत घेताना बाकीच्या टोचून काढतात.

पोट भरलं का, हे हातानं तपासा

रात्री झोपायला गेल्यावर छातीच्या वर, उजव्या अंगाला हात लावा. तिथं खाद्याची पिशवी असते. दिवसभर नीट खाल्लं असेल तर ती लिंबाएवढी, भरीव लागते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. रात्री ती सपाट लागली, तर दिवसभर डोकं हललं तरी पोटात काही गेलेलं नाही. सकाळीही ती फुगलेली आणि घट्ट लागली तर खाद्य अडकलंय, डॉक्टरांना दाखवा.

छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस असेल तर ते जेमतेम लागतं, हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर ती खंगतेय. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवीत घालून वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते. तिच्या पातेल्यात किती घातलं, किती उरलं, हे आठवड्यातून एकदा तरी तोलून बघा.

तोंडाच्या आतही बघायचं. वाकड्या चोचीत तोंड पूर्ण मिटत नाही, जीभ कोरडी पडते आणि जिभेखाली खाद्याचा लगदा साठतो. ओल्या कानकाडीनं तो हळूच काढा. दोन दिवसांतून एकदा पुरे.

चोच घासणं

पिल्लाच्या चोचीला हात लावू नका. टेप, रबरबँड, काडी बांधून सरळ करायचे प्रयोग करू नका, चोच वाढत असते आणि बांधलेलं काहीही नाकपुडी दाबतं. तलंग झाल्यावर, टोकं लांबून खाणं अडायला लागलं तरच घासायचं. तिरकीला महिन्याला एकदा लागायचं.

ज्यांची चोच सरळ आहे पण वरचं टोक वाढलंय, कारण खुराडं नुसतं मऊ भुशाचं आहे, त्यांच्यासाठी सोपा इलाज आहे. जांभ्याचा सपाट तुकडा किंवा खरबरीत फरशी अंगणात ठेवा आणि मूठभर कणी त्यावरच टाका. टोचून टोचून टोक झिजतं. तिरप्या चोचीला याचा फारसा उपयोग नाही, तिची टोकं दगडाला टेकतच नाहीत.

घासताना दोघं लागतात. संध्याकाळी, मंद उजेडात. कोंबडीला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छातीचं हाड खालीवर होऊनच तिचा श्वास चालतो. घट्ट धरली तर हातातच गुदमरते.

मागून मोबाईलचा टॉर्च चोचीवर धरा. फिकट चोचीत आतला रक्ताचा भाग लालसर गडद दिसतो आणि टोकाचा मेलेला भाग दुधाळ. घासायचं ते फक्त दुधाळ भागात. कडकनाथसारख्या काळ्या चोचीत काहीच दिसत नाही, तिथं नेलकटर वापरूच नका, फक्त नखांची कानस, आणि एका वेळी जेमतेम एक मिलीमीटर. फिकट चोचीतही मी आधी कानसच घेते. नेलकटरनं एकदम कापलं तर चोच उभी चिरते, हे मी एकदा करून बसले आहे. कानस एकाच दिशेनं, हलक्या हातानं. जास्त लांब असेल तर तीन वेळा आठवड्याच्या अंतरानं करा. कोंबडीनं डोकं झटकलं, चोच कोमट लागली की थांबा.

रक्त आलं तर घाबरून तिला सोडू नका. तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन टोकावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. आपल्याकडं हळद लावतात, लावा, पण रक्त थांबतं ते दाबल्यामुळं. थांबल्यावर तिला एकटी ठेवा, कारण लाल ठिपका दिसला की बाकीच्या तिथंच टोचतात. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

जाळीत अडकून किंवा कुत्र्याच्या झटापटीत चोच तुटली, आतलं हाड दिसतंय, तर घरी काही चिकटवायला जाऊ नका. फक्त रक्त थांबवा, मऊ खाद्य द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. नुसतं टोक उडालं असेल तर बहुतेक वेळा पुन्हा वाढतं, तोवर ओलं खाद्य.

पिसं आणि उवा

कोंबडी चोचीनं पिसं विंचरते, शेपटीच्या मुळाशी असलेल्या गाठीतलं तेल पिसांना लावते, उवा वेचते. तिरप्या चोचीनं यातलं काहीच नीट होत नाही. त्यामुळं खुराड्यात उवा आल्या की पहिल्यांदा हिच्या अंगावर दिसतात. पंधरा दिवसांनी एकदा पंखाखाली आणि गुदद्वाराभोवतीची पिसं उलटी करून बघा. पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे दिसले तर त्या लिखा. कोरडी माती आणि चुलीची राख समप्रमाणात घालून घमेलं कायम भरून ठेवा, पावसाळ्यात पत्र्याखाली. उवा जास्त असतील तर औषध डॉक्टरांना विचारूनच, अंडी खाता येतील का हेही त्यांना विचारा.

पुढं काय

सगळं करूनही ओळीनं तीन आठवडे वजन उतरत राहिलं, छातीचं हाड वर आलं, ती पंख पाडून एका जागी बसायला लागली, तर डॉक्टरांशी बोलून तिला त्या हालातून कायमचं सोडवणं हेच बरं. आमच्या गल्लीतले एक दाजी दर रविवारी विचारायचे, "तिरकीचा रस्सा कवा?" कोंबडी पाळणाऱ्या घरात हा प्रश्न येणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्या वाकड्या चोचीचं वजन टिकून आहे ती मजेत जगते, एवढं मी बघितलंय.

पुढच्या वेळी पिल्लं घेताना पाटीतली घेऊ नका, निदान एकेक उचलून चोच बघून घ्या. सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरात आहे, तिथं चौकशी करा. जिथून घ्याल तिथं आईबापांना काय खाद्य देतात तेही विचारा.

तिरप्या चोचीच्या कोंबडीची अंडी खायला इतर अंड्यांसारखीच. फक्त ती उबवायला ठेवायची नाहीत, दोष रक्तातला असेल तर पिल्लांत उतरेल. गोंधळ होतो तो खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली अंडी बसवताना, तेव्हा सगळी अंडी एका टोपलीत असतात. म्हणून तिचं अंडं खुराड्यातून उचललं की तिथंच पेन्सिलीनं फुली मारायची आणि स्वयंपाकघरात वेगळ्या वाटीत ठेवायचं. आमच्याकडं ती वाटी फ्रिजच्या दारात असायची आणि सासूबाई रोज सकाळी त्यातलंच अंडं मागायच्या.